मंडळी गप्प का झाली?

रविवारच्या उपासनेत गीत सुरू होते आणि मंडळी गप्प होते. पुढे चौघे-पाचजण ध्वनिक्षेपक हाती घेऊन गात असतात, कीबोर्डचा आवाज भिंतींवर आदळत असतो, आणि बाकांवरची माणसे पडद्यावरचे शब्द नुसते वाचतात. यास कोणी उपासनेचा दर्जा उंचावणे म्हणत असेल, तर आमचा साफ विरोध आहे. गीतांतून एकमेकांस शिकवण्याचे काम पौलाने सबंध मंडळीवर सोपवले (कलस्सै 3:16). निवडक गळ्यांवर नव्हे.

दोष केवळ ध्वनिक्षेपकाचा नाही. इंग्रजी चालींत कोंबलेली भाषांतरे आम्ही लहानपणापासून गात आलो. इंग्रजी छंद आघातावर चालतो, मराठी पद्य अक्षरांवर वा मात्रांवर. परिणामी ऱ्हस्व ताणले जाते, दीर्घाची मान मुरगळली जाते आणि शब्द अर्थासकट हरवतो. गाताना बुद्धीही जागी असावी, हा आग्रहही पौलाचाच (1 करिंथ 14:15).

1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी यावरचा उपाय केव्हाच दाखवला. अभंग, ओवी, कीर्तन सारे त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेस लावले. तरी 'हे हिंदूंचे, शास्त्रात बसत नाही' हा आक्षेप अजून ऐकू येतो. मग शास्त्रात कोणती चाल बसते? ऑर्गनवरची? स्तोत्रसंहितेचे शब्द आपल्यापर्यंत आले, चाली आल्या नाहीत. उलट 136वे स्तोत्र उघडून पाहावे: 26 वचने, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद. भजनात बुवा आणि टाळकरी याहून वेगळे काय करतात? अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तिसऱ्या वचनापर्यंत ते पाठ होते. पडदा लागत नाही.

शास्त्रनिष्ठेची कसोटी लावायची ती शब्दांना, आणि कठोरपणे. 'मी, मला, माझे' यांचीच आवर्तने करणारी नवी कोरस तीत उतरत नसतील तर वगळावीत. एखादा गोड अभंग उतरत नसेल तर तोही.

आणि पट्टी खाली आणावी. पुढच्या गायिकेला पांढरी चार शोभते. मागच्या बाकावरच्या शेतकऱ्याला ती झेपत नाही, तो निमूट उभा राहतो. एकच गीत चार रविवार गावे. शेवटच्या कडव्याला पेटीसुद्धा थांबवावी. स्वतःचाच आवाज ऐकून मंडळी प्रथम दचकेल. दचकू द्यावे.