पाकिटाची मागची बाजू

जानेवारी हा इंग्लंडमध्ये बियाणं विकत घ्यायचा महिना. दुपारी चारलाच अंधारून येतं, जमीन एक तर चिखल झालेली असते नाहीतर गोठलेली, वाफ्यात करण्यासारखं काही नसतं. आणि नेमक्या याच दिवसांत बियांच्या कंपन्यांचे रंगीत कॅटलॉग दारातून आत येऊन पडतात. लालबुंद टोमॅटो, भरलेली मटाराची शेंग, वीतभर गाजर. आठवडाभर ऊन न पाहिलेल्या माणसासमोर हे ठेवलं की तो खरेदी करणारच. धंदा म्हणून वेळ अचूक साधलेली आहे, तक्रार करायला जागा नाही.

लेस्टरला आमचा एक अलॉटमेंटचा तुकडा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचं तर अलॉटमेंट म्हणजे बहुतेक वेळा स्थानिक कौन्सिलने भाजीपाला लावण्यासाठी वर्षाच्या भाड्याने दिलेली जमीन. मागणी असेल तिथे अशी जमीन पुरवण्याचं कर्तव्य १९०८ च्या कायद्याने कौन्सिलवर टाकलेलं आहे. माप अजूनही 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, आणि पूर्ण प्लॉट दहा चौरस रॉडचा. हिशेब केला तर हे बरोबर अडीच गुंठे होतात. आसपास नव्हे, बरोबर. आपला गुंठा तेहेतीस फुटांचा चौकोन, म्हणजे रॉडच्या दुप्पट बाजूचा. दोघंही एकाच एकराचे तुकडे. सातबाऱ्यावरच्या मापाने इथली जमीन मोजता येते याचं मला उगाच बरं वाटतं. हल्ली मात्र प्रतीक्षायादी इतकी लांब असते की नव्या माणसाला बहुधा अर्धा प्लॉटच मिळतो. सव्वा गुंठ्यात काय लावायचं, हा प्रश्न मग फारच गंभीर होतो.

इथल्या मराठी माणसाचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. आपल्या भाज्या. वाल, गवार, भेंडी, कारली, लाल कांदा. बी तिकडून मागवायचं. अलिबागची माझी मावशी फोनवर म्हणते, "अगं, मूठभर वाल पाठवते की बांधून. सुटकेसच्या कोपऱ्यात कुठेही मावतील."

मावतील, पण चालणार नाहीत. एक तर कायदा आड येतो. भारतातून ब्रिटनमध्ये पेरणीसाठी आणायच्या बहुतेक भाज्यांच्या बियांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि प्रवाशाच्या बॅगेला त्यातून सवलत नाही. हा केवळ कागदी सोवळेपणा नाही. टोमॅटोवर सुरकुत्या आणि तपकिरी डाग पाडणारा एक विषाणू बियांवरून पसरतो. २०१९ साली तो इथल्या काचघरांत पहिल्यांदा सापडला आणि उत्पादकांची झोप उडाली. एका पुडीतून काय येईल सांगता येत नाही.

पण कायदा नसता तरी मी मावशीला नकोच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बी फक्त माती, पाणी आणि ऊब ओळखतं असं आपण धरून चालतो. बऱ्याच पिकांना याखेरीज दिवस किती लांब आहे तेही कळतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. तिथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, सर्वांत लहान अकराच्या. लेस्टर साडेबावन्नावर. इथे जूनच्या अखेरीस दिवस जवळपास सतरा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठ तासही भरत नाहीत. वाल हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारं पीक. रायगडात म्हणूनच थंडीत शेंगा येतात आणि पोपटी लागते. तोच वेल इंग्लंडमध्ये जूनपासून नुसता वाढतो. वेल हिरवागार, मंडप भरलेला, बघणारे कौतुक करतात. फुलं यायला लागतात तेव्हा सप्टेंबर उजाडलेला असतो आणि शेंग भरायच्या आत पहिला फ्रॉस्ट पडून सगळा वेल काळा होतो.

कांद्याचं याच्या उलट. आपल्याकडचे कांदे लहान दिवसांत गड्डा धरणारे. ते इथे मार्च-एप्रिलमध्ये पेरले की रोप जेमतेम वर येतं तोच दिवस त्याच्या मापाने लांब झालेला असतो, आणि सुपारीएवढा गड्डा धरून ते थांबतं. नाशिकचं एन-२-४-१ हे नावाजलेलं वाण आहे, पण नाशिकच्या दिवसासाठी. इथे 'बेडफर्डशायर चॅम्पियन' किंवा 'रेड बॅरन' घ्यावा. चौदा-सोळा तासांचा उजेड मिळाल्याशिवाय तो गड्डा धरायला सुरुवातच करत नाही, तोवर पात वाढवून घेतो. जाता जाता एक सूचना: 'एल्सा क्रेग' नावाचा कांदाही आहे आणि टोमॅटोही. ऑनलाइन मागवताना नीट बघा.

म्हणून माझं मत असं झालंय की बी इथलं घ्यावं आणि स्वयंपाक आपला करावा. पाकिटाच्या पुढच्या बाजूला चित्र असतं, ते कॅटलॉगवाल्यांसाठी सोडून द्यावं. मागची बाजू वाचावी. पेरणीचे महिने, काढणीचे महिने, बाहेर पेरायचं की आत, बियांची संख्या, कोणत्या वर्षापर्यंत पेरायचं. शेजारी छोट्या चषकाची खूण असेल तर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने ते वाण लावून, पारखून मानांकन दिलेलं असतं. अमुक वाण 'लवकर फुलावर जात नाही' असं लिहिलेलं असेल तर ते जाहिरातीपेक्षा मोलाचं. 'बोल्टार्डी' नावाचं बीट इथे घरोघर लावतात ते याच गुणासाठी. थंड वसंतात लवकर पेरलं तरी ते फुलाच्या नादी लागत नाही.

'एफ-वन' म्हणजे संकरित. याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. संकरित वाणाचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, हे खरं. महाग असतं हेही खरं. 'सनगोल्ड' या टोमॅटोच्या पाकिटात मोजके दहा-बारा दाणे निघतात आणि त्याहून कमी पैशात 'मनीमेकर'चे पन्नास-पाऊणशे मिळतात. पण ज्याला चारच झाडं लावायची आहेत त्याने पाऊणशे दाण्यांचं काय करायचं? सनगोल्डच्या चवीला आमच्या घरात तोड नाही, तिथे मी तत्त्व बाजूला ठेवते. मटार आणि फरसबी मात्र सरळ वाणाचीच घेते. ही पिकं आपल्याच परागाने शेंग धरतात, शेजाऱ्याच्या वाफ्यातून काही मिसळण्याची भीती फारशी नसते, आणि एकदा घेतलेलं बी वर्षानुवर्षं चालवता येतं. भोपळा आणि काकडीच्या गोत्रात हे करू नये. मधमाश्या कुठून काय आणतील याचा नेम नाही, आणि मिसळलेल्या बियांची फळं कडूजहर निघू शकतात. ती खाऊन माणसं आजारी पडतात.

आता स्वयंपाकघराकडे. वालाचं बिरडं हवं ना? 'अ‍ॅक्वाडुल्से क्लॉडिया' या ब्रॉड बीन्सचं पाकीट घ्या. हे पीक नोव्हेंबरात पेरलं तरी इथली थंडी काढतं आणि जूनमध्ये शेंगा देतं. दाण्यावरचं जाड साल काढा, ओलं खोबरं, कोथिंबीर, आमसूल घाला. कडवट चव नाही, हे कबूल, पण पानात वाढल्यावर माझ्या मुलांनी कधी चौकशी केलेली नाही. शेंगभाजीसाठी 'स्कार्लेट एम्परर' या रनर बीन्स. इंग्रज त्या उकडून खातात, त्यावर मी काही बोलत नाही. तिरप्या बारीक चिरून गोड्या मसाल्यात शिजवल्या तर घेवड्याची उणीव भासत नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत फ्रॉस्टची भीती असते, तेव्हा त्या घाईने बाहेर पेरू नयेत.

मेथी आणि कोथिंबिरीसाठी बियांच्या कंपनीला एक पैसाही देण्याची गरज नाही. लेस्टरच्या मेल्टन रोडवरच्या कोणत्याही गुजराती किराणा दुकानात अर्धा किलो मेथ्या मिळतात. कंपनीच्या पाकिटात चिमूटभरच येतात. मेथी इथे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने उत्तम येते, तिला उष्णतेचं कौतुक नाही. धणे हलके रगडून दोन दाळी कराव्यात हे सगळ्यांना माहीतच आहे. मसाल्याचे धणे कधी कधी उष्णतेची प्रक्रिया केलेले असतात, ते रुजत नाहीत. म्हणून आधी दहा-वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळून बघावेत. कोथिंबीर जूनमध्ये फार लवकर फुलावर जाते ही मात्र खरी अडचण. तिथे 'कॅलिप्सो'सारखं पानांसाठी निवडलेलं वाण विकत घेण्यात अर्थ आहे.

मुळ्याचंही तेच. पांढरा लांब मुळा वसंतात पेरला की मोठ्या दिवसांनी तो मूळ न धरता फुलावर जातो. पाकिटावर 'जुलैनंतर पेरा' लिहिलेलं असतं ते याकरता. शेजारचे आजोबा असे मुळे उपटून कंपोस्टात टाकतात. मी ठेवते, कारण डिंगऱ्या येतात. डिंगऱ्यांच्या भाजीसाठी मुळा एप्रिलमध्ये पेरावा, पाकीट काहीही म्हणो.

चाकवताचं बी कुणी विकत घेत असेल तर थांबवा. इंग्लंडच्या प्रत्येक अलॉटमेंटमध्ये तो तण म्हणून उगवतो आणि लोक तो घामाघूम होऊन उपटतात. ओळख पक्की असेल तर कोवळा खुडावा आणि ताकात शिजवावा. माठासाठी आमच्या ओळीतल्या जमैकन बाईंकडे जावं लागतं. त्या कॅलालू म्हणून जे लावतात ते माठाच्याच कुळातलं आहे आणि इथल्या उन्हाळ्यात झकास येतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत कॅरिबियन, पंजाबी, गुजराती, बांगलादेशी मंडळींनी इथल्या अलॉटमेंटमध्ये अशी कितीतरी पिकं मुरवली, त्यांचं बी पिढ्यान्‌पिढ्या धरून इथल्या हवेला सरावलेलं केलं. कॉव्हेंट्रीजवळच्या गार्डन ऑरगॅनिक या संस्थेने 'सोइंग न्यू सीड्स' नावाच्या प्रकल्पात मिडलंड्समधल्या अशा पिकांची आणि ती पिकवणाऱ्यांच्या माहितीची नोंद केली. वाल लावायचाच असेल तर अशा कुणाकडे इथेच लवकर फुलणारा मिळाला तर मागून घ्यावा. तो अलिबागचा नसेल, पण शेंग देईल.

याच संस्थेची हेरिटेज सीड लायब्ररी आहे. सरकारी यादीत नोंद नसलेल्या वाणाचं बी विकायला १९७० च्या दशकात बंदी आली तेव्हा शेकडो जुनी घरगुती वाणं बाजारातून गेली असती. विकता येत नाही तर सभासदांना देऊ, अशी वाट या लोकांनी काढली. सभासदाने वर्गणी भरायची आणि वर्षाला सहा पाकिटं निवडायची. सहाच. बियाणं खरेदीतला सगळ्यांत चांगला नियम मला हा वाटतो. कॅटलॉगसमोर बसलं की हात सैल सुटतो, आणि सव्वा गुंठ्यात चार जातींचे भोपळे लावायचे बेत होतात. एक भोपळ्याचा वेल दीड-दोन मीटर जागा खातो, हेही पाकिटाच्या मागच्या बाजूलाच लिहिलेलं असतं.

भेंडी, कारली, गवार यांच्याबद्दल बोललेच नाही. काचघर किंवा पॉलिटनेल असेल तर भेंडीचं 'क्लेमसन स्पाइनलेस' आणि कारली जमतात. उघड्यावर नाही. गवारीचा नाद सोडावा. लेस्टरच्या गोल्डन माइलवरच्या दुकानांत ताजी मिळते, ती आणावी.

खरेदीआधी घरातला डबा उघडा. टोमॅटोचं बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं, शेंगवर्गाचं दोन-तीन. कांदा आणि पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखी कंदभाजी) यांचं मात्र दरवर्षी नवीन घ्यावं. वर्षाचं जुनं पार्सनिप पेरणं म्हणजे वाफा रिकामा ठेवणं. फेब्रुवारीत गावोगावी बियांच्या अदलाबदलीचे मेळावे भरतात, ब्रायटनचा 'सीडी संडे' २००२ पासून चालू आहे. तिथे आपल्याकडचं जास्तीचं देऊन गरजेचं आणता येतं, खर्च जवळपास शून्य.

आणि येत्या उन्हाळ्यात मुलाकडे, लेकीकडे इंग्लंडला येणाऱ्या वाचकांना एक विनंती. बॅगेत बियांची पुडी घालू नका. तेवढ्या वजनाचा गोडा मसाला आणा. रनर बीन्स जुलैपासून इतक्या येतात की कितीही आणला तरी पुरत नाही.