पांढरा जळण्याआधी मोजा

1999 साली डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढे गावोगाव पोचली. त्या सुरुवातीच्या यात्रांचे घरगुती चित्रण ज्यांच्याकडे असेल, ते बहुधा व्हीएचएस नाहीतर हाय-एट कॅसेटवर असणार. त्या काळातल्या लग्नांचेही तसेच. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कॅसेट डिजिटल करून देणाऱ्यांपुढे चैत्राच्या उन्हातले पांढरे सदरे, भगवे फेटे आणि जरीच्या नऊवारी येतात. कॅप्चर कार्डाची याहून कठीण परीक्षा नाही.

बीटी 601 मानकानुसार 8 बिटच्या चित्रात काळा 16 वर आणि पांढरा 235 वर बसतो. वर थोडी जागा मुद्दाम राखलेली असते, कारण कॅमकॉर्डरचा पांढरा अनेकदा 235 ओलांडतो. कार्डाच्या ड्रायव्हरमधले मूळ ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट मात्र या आकड्यांशी जुळतीलच असे नाही. पांढरा वरच्या टोकाला आदळला की सदऱ्याच्या चुण्या गेल्या. एडिटिंगमध्ये उजेड कितीही उतरवा, तिथे सपाट करडा डागच उरतो. काळ्याचा घोळ वेगळा आहे. आपल्या पाल पद्धतीत काळा शून्य आयआरईवर असतो, अमेरिकेच्या एनटीएससीत 7.5 वर. कार्ड एनटीएससीच्या हिशेबाने चालले तर मांडवातल्या सावल्या बुजतात.

म्हणून मॉनिटरकडे बघून अंदाजाने पातळी लावणे बंद करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. डीव्हीडी प्लेअरवरून पाल कलर बार त्याच कार्डात सोडा. वेव्हफॉर्मवर आधी काळा, मग पांढरा जागेवर आणा; एक हलवला की दुसराही सरकतो, म्हणून पुन्हा तपासा. व्हेक्टरस्कोपच्या चौकटी पाहून सॅच्युरेशन ठरवा. एवढ्यावर थांबू नका. व्हीसीआर आणि कॅसेट बदलली की पातळी बदलते, तेव्हा प्रत्येक कॅसेटमधला सर्वांत उजळ प्रसंग आधी चालवून पाहा आणि शंका वाटली तर कॉन्ट्रास्ट थोडा खालीच ठेवा. कमी उजेड नंतर वाढवता येतो.

फाइल एचडी करताना रंगांचे बीटी 601 मधून एचडीच्या बीटी 709 मानकात रूपांतर विसरू नका, नाहीतर भगवा आणि हळदीचा पिवळा दोन्ही सरकतात.

फुनाई या जपानी कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. चालू स्थितीतली यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत, कॅसेटही झिजत आहेत. ग्राहकाची कॅसेट परत देण्याआधी वेव्हफॉर्म एकदा तपासा आणि मूळ कॅप्चर जपून ठेवा.