म्हस कुठं बांधायची?

पूर ओसरला की कोल्हापूर-सांगलीकडं एक वाक्य हमखास कानावर येतं : "सांगून सांगून थकलो, पण लोक घर सोडत नाहीत." अधिकारी हे म्हणतात, वाहिन्यांचे बातमीदार म्हणतात, आणि पुण्यात स्थायिक झालेले त्याच गावचे भाऊबंदही म्हणतात.

लोक मुळातच हट्टी असतील, तर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचं काय करायचं? 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि हे गाव पाण्यात अडकलं. त्यानंतरच्या पुरांत पाणी चढू लागलं की तिथली कुटुंबं गुरंढोरं घेऊन सोनतळीला हलताना दिसतात. माणसं तीच आहेत. फरक एवढाच, की जनावरांसह जाऊन राहता येईल अशी जागा त्यांना ठाऊक आहे.

नदीकाठच्या एका गावात पूर-आराखड्याच्या बैठकीत मी बसलो होतो. साहेबांनी निवारा केंद्र म्हणून शाळेचं नाव वाचलं. मागून एक बाई म्हणाल्या, "आणि म्हस कुठं बांधायची?" साहेबांनी आराखड्याची पानं उलटली, पुन्हा उलटली. त्यात जनावरांचा रकानाच नव्हता. आधीच्या ग्रामसेवकाचा फोन नंबर मात्र होता. दुभती म्हैस म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगार; तो दावणीला बुडायला सोडून कोण ट्रकात चढेल?

गावकऱ्यांचंही सगळंच बरोबर, असं मी म्हणत नाही. "आमची नदी आम्हाला कळते" हा भरवसा 2019 ला अंगाशी आला. 2005 च्या पुराची खूण भिंतीवर धरून तिच्या वर धान्याची पोती रचली होती. पाणी पोती घेऊन गेलं. जुनी खूण म्हणजे पाण्याची कमाल मर्यादा नव्हे. सरकारी यादीचंही तेच. दरडप्रवण गावांच्या यादीत रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर तिच्यावर कोसळला.

मग आराखडा कुणी करायचा? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरण नेमलं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. ते हवंच. पण कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाचा ट्रॅक्टर चालू आहे आणि कुणाचा नुसताच उभा आहे, हे गल्लीलाच माहीत. ते गल्लीनंच लिहून काढावं, आणि दर मे महिन्यात खोडून पुन्हा लिहावं.

शिवाय हिशेब मांडावा. आराखड्यात "बोट : 1" एवढं लिहून भागत नाही. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. समजा, बोटीत 12 माणसं बसतात, जाऊन यायला 40 मिनिटं लागतात आणि गावात 600 माणसं आहेत. म्हणजे 50 फेऱ्या, 33 तासांहून जास्त. आणि यात रात्रीचा अंधार, वल्हेकऱ्याचा दम काहीच धरलेलं नाही. एकदा हा आकडा चावडीवर खडूनं लिहिला, की बोटीत कोण आधी चढणार यावर वाद उरत नाही. मग निघायचं कधी? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. रस्ता कोरडा असतो, ट्रॅक्टर चालतो आणि म्हैस स्वतःच्या पायांनी येते, ती वेळ 39 ची.