दरसाल येणारे पाहुणे



‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या घरात दाणागोटा मोजून वापरावा लागे, अशाच एखाद्या घरात ती जन्मली असावी. पण आता आपल्या शिवारात एक निराळा पाहुणा येऊ लागला आहे. तो शहरातून मुलाबाळांसह येतो, दोन रात्री राहतो, राहण्या-जेवणाचे पैसे देतो आणि मन रमले तर पुढच्या वर्षी त्याच सुट्टीत त्याच घरी परत येतो. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. त्याखाली अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. नोंदणी कशी करावी, हे विचारणारे मला पुष्कळ भेटतात. आलेला पाहुणा दुसऱ्या वर्षी परत कशाने येतो, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज त्याविषयी चार शब्द.

नवा पाहुणा मिळवायचा म्हणजे जाहिरात आली, मोबाईलवर फोटो टाकणे आले, दर पाडून घेणे आले. जुना पाहुणा स्वतः फोन करून तारीख ठरवतो. आपल्याकडे केव्हा वीज जाते, रात्री कुत्रे का भुंकते, हे त्याला ठाऊक असते. तो सहसा कुरकुर करीत नाही आणि येताना आणखी एक कुटुंब घेऊन येतो. म्हणून दहा नव्या पाहुण्यांमागे धावण्यापेक्षा चार घरे कायमची जोडणे शहाणपणाचे.

ही घरे जोडून देतात ती त्यांची मुले. आईबापांना झाडाची सावली आणि गरम भाकरी मिळाली की पुरे. कुठे जायचे हा हट्ट मुलांचा असतो. माझ्या कार्यक्षेत्रातील एका वस्तीवर मी नाताळाच्या सुट्टीत गेलो होतो. गाडी थांबते न थांबते तोच सात-आठ वर्षांचा मुलगा उतरून थेट गोठ्याकडे पळाला आणि ओरडला, “आजी, मागच्या वर्षीचं वासरू कुठाय?” घरच्या म्हातारीने दावणीला बांधलेली कालवड दाखविली. त्याचा विश्वास बसेना.

शेतातल्या गोष्टींना वर्षे लागतात. संकरित कालवड चांगली जोपासली तर अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदा विते. खिल्लार गाईला चार वर्षे किंवा अधिक लागतात. आंब्याच्या कलमाचा मोहोर पहिली तीन वर्षे खुडावा लागतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ धरता येते. सहाव्या वर्षी पहिल्यांदा आलेले मूल आपल्या ओळखीच्या वासराच्या दुधाचा चहा नवव्या वर्षी पिईल आणि आपल्या कलमाचा आंबा दहाव्या-अकराव्या वर्षी खाईल. एकदाच येणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त फोटो मिळतो.

म्हणून प्रत्येक मुलाच्या नावाने एक काम ठेवा. एक वही करा आणि तीत मुलाचे नाव, आल्याची तारीख, त्याने काय केले, कोणते वासरू केवढे होते, हे लिहा. पुढच्या वर्षी वही त्याच्याच हाती द्या. कलम लावायचे तर एक ध्यानात ठेवावे. लागवडीचा हंगाम पावसाळ्याचा. पाण्याची सोय नसताना नाताळात हौसेने लावलेले कलम उन्हाळ्यात जळते आणि परत आलेल्या मुलाला वाळकी काडी दाखवावी लागते. कलम पावसाळ्यात आपण लावावे आणि सुट्टीत मुलाकडून आळे बांधून घ्यावे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालून घ्यावे.

दुसरी गोष्ट शब्द पाळण्याची. नाताळात हुरडा देतो म्हणून सांगितले आणि कणसे कोवळी किंवा टणक निघाली, तर पाहुणा हिरमुसतो. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते आणि हुरडा साधारण ९० ते १०० दिवसांत येतो. म्हणजे नाताळासाठी २० सप्टेंबरच्या आसपासची पेर हवी. सगळे रान एकाच दिवशी पेरू नये. आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन तुकडे पेरले तर आगटी महिनाभर पेटती ठेवता येते. राहुरी कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण हुरड्यासाठीच आहेत. गुळभेंडी, सुरती ही आपली जुनी जातही गोडीला उतरत नाही.

आता खर्चाचे. पोहण्याचा तलाव, रंगीत कारंजे, फरशीचे अंगण यांसाठी कर्ज काढण्याआधी दहादा विचार करा. तलाव त्याला शहरातही मिळतो. परत येणारे मूल गेल्या वर्षीचाच झोपाळा आणि तेच कडुनिंबाचे झाड शोधत असते. पैसा खर्चायचा तो स्वच्छ संडासावर, पिण्याच्या चांगल्या पाण्यावर आणि विहिरीच्या कठड्यावर. आपली मुले विहिरीच्या कडेने वावरत मोठी झाली, शहरातल्या मुलांना तो अंदाज नसतो. कीटकनाशके कुलपात ठेवा. मारका बैल लांब बांधा. जनावरांना मुले आपल्या मनाने काही चारणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. कोवळ्या ज्वारीत आणि कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यांत विष असते, आणि प्रेमाने चारलेल्या दोन पेंढ्या वासराच्या जिवावर बेततात.

सर्वांत अवघड प्रश्न कोरड्या वर्षाचा. २०१८ साली राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तेव्हा ज्या वस्तीची गोष्ट वर सांगितली, त्या घरात ‘पाहुण्यांना नाही म्हणावे, काय तोंड दाखवायचे?’ असा विचार चालला होता. शेवटी घरच्या कारभारणीने फोन करून खरे तेच सांगितले, “यंदा हुरडा नाही, अंघोळीला माणशी एक बादली. यायचं तर या.” ते आले. मुलांनी दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजले आणि वहीत लिहिले. पुढच्या वर्षी आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा विहीर मोजली. कोरड्या वर्षी पाहुण्याला परत लावू नका आणि पाण्याचे टँकर आणून हिरवळीचा देखावाही करू नका. पाऊस न पडल्यास शेतकऱ्याच्या घरात काय होते, हे ज्या मुलाने पाहिले, ते मोठेपणी बाजारात भाजीचा भाव करताना ते विसरणार नाही.

शेवटी घरातले एक. पाहुण्यांसाठी पहाटे उठून भाकऱ्या थापते ती घरातली बाई. पैसे मात्र मालकाच्या खिशात जातात. तिच्या कामाचा वाटा ठरवून तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर जमा करा. तिचे मन या कामात राहिले नाही, तर चौथ्या वर्षी पाहुण्याला ते तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

आणि आपल्या मुलांनाही यात पुढे करा. शहरातला दोस्त दरसाल येऊन ‘तुझी कालवड केवढी झाली?’ विचारतो, तेव्हा आपल्या पोराला सांगण्यासारखे पुष्कळ असते. शेतीत काही राम नाही, असे घरीदारी ऐकत वाढणाऱ्या पोराला तेवढे बोलायला मिळाले, तरी ती सुट्टी सार्थकी लागली म्हणायची.