आपल्याकडे नाहीं

भरल्या घरांत लहान मुलासाठीं कांहीं नवें करूं म्हटलें कीं पहिला अडसर येतो तो पैशाचा नव्हे आणि वेळेचाहि नव्हे. तो दोन शब्दांचा असतो : ‘आपल्याकडे नाहीं.’ सून म्हणते, मुलाच्या वाढदिवशीं दरवर्षीं त्याच्या हातून एक रोप लावावें. सासूबाई म्हणतात, ‘अगं, आपल्याकडे नाहीं असं.’ विषय तेथेंच मिटतो, आणि आणलेली कुंडी गच्चीवर पालथी पडून राहते.

वडील माणसांचा हा संकोच आम्ही हसण्यावारीं नेत नाहीं. कुलाचार ही जपून पुढें द्यावयाची ठेव आहे. जो उठला त्यानें तिच्यांत मनास येईल ती भर घालावी, हें कोणासहि रुचणार नाहीं. परंतु शास्त्राचा हवाला देऊन जे ‘नाहीं’ म्हणतात, त्यांनीं शास्त्र काय म्हणतें तेंहि पाहावें. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहप्रकरणाच्या आरंभींच, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार नाना प्रकारचे असतात आणि विवाहांत ते पाळावे, असें सांगून ठेविलें आहे. आपस्तंब गृह्यसूत्रांत तर विवाहांतील रीती स्त्रियांकडून जाणून घ्याव्या असें म्हटलें आहे. म्हणजे आज आपण ज्यांस ‘पूर्वापार’ म्हणतों, त्या रीतींपैकीं कित्येक ग्रंथांतून आलेल्या नसून घरच्या बायकांनीं चालवीत आणलेल्या आहेत. आणि कोणत्या तरी आजीनें त्या कधीं तरी प्रथम केल्या असल्याच पाहिजेत.

फार मागें जावयासहि नको. पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सवास १८९३ च्या सुमारास आरंभ झाला व लोकमान्य टिळकांनीं त्यास बळ दिलें. आज जीं मुलें मिरवणुकीवांचून भाद्रपद ओळखत नाहींत, त्यांच्या खापरपणजोबांस तो उत्सव नवा होता. दिवाळी अंकाचेंहि तसेंच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ मध्यें काढला. त्यापूर्वीं फराळाच्या ताटाशेजारीं अंक ठेवण्याची चाल मराठी घरांत कोठें होती? शंभर वर्षांत जें सवयीचें झालें, तेंच आतां ‘आपल्याकडचें’ ठरलें.

मुलापुरतें पाहावयाचें तर आश्विन पौर्णिमेचें उदाहरण घ्यावें. त्या दिवशीं घरांतील ज्येष्ठ अपत्यास ओवाळण्याची चाल आहे. पंचांगांतहि ‘ज्येष्ठापत्य-नीरांजन’ असा तिचा निर्देश असतो. थोरल्यास पाटावर बसवितात, कुंकू लावितात, ओवाळतात. धाकटें चार वर्षांचें पोर दाराशीं उभें राहून विचारतें, ‘माझं कधीं?’ या प्रश्नास ‘तुझं नसतं’ एवढेंच उत्तर देणें आम्हांस निष्ठुरपणाचें वाटतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाईंनींच यावर तोड काढली. आश्विनांत थोरल्याचें औक्षण यथासांग होतें. पुढच्या महिन्यांत त्रिपुरी पौर्णिमा येते. त्या सायंकाळीं धाकट्यास पाटावर बसवून ओवाळतात, थोरला त्याच्या हातीं पेटती पणती देतो, आणि मग दोघे मिळून अंगणांत दिवे लावतात. शास्त्रांत हें कोठें सांगितलेलें नाहीं. पण त्या दोन मुलांच्या लेखीं तें दिवाळीइतकेंच जुनें आहे. जुन्यास धक्का लागला नाहीं, आणि धाकट्यासहि घरांत त्याची जागा मिळाली.

असें कांहीं सुरू करतांना तीन गोष्टी पाहाव्या, असें आमचें मत आहे.

पहिली, काळ नेमका असावा. लहान मुलास वर्ष मोजतां येत नाहीं. तें खुणांनीं वर्ष ओळखतें. पहिला पाऊस, आंब्याची पहिली पेटी, आजोबांचा वाढदिवस, कोणतीहि खूण चालेल. पण ती चुकूं नये. चातुर्मासाचा नेम धरणाऱ्या आपल्या आयाबायांस हें सांगावयास नको.

दुसरी, त्यांत मुलाच्या हातांस काम असावें. दसऱ्याला पाटीवर एक-एकच्या आंकड्यांची सरस्वती काढणें, दिवाळींत मातीचा किल्ला रचणें, हीं जन्मभर कां लक्षांत राहतात? हात मातीचे झाले म्हणून. मुलानें जें नुसतें पाहिलें तें छायाचित्रांत राहतें. जें स्वतः केलें तें अंगवळणीं पडतें.

तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची : तिचा भार एकाच माणसावर पडूं नये. पहांटे उठावयाचें सुनेनें आणि कौतुक करावयाचें इतरांनीं, असें झालें तर ती परंपरा नव्हे, वेठ होय. मुलाचे डोळे तीक्ष्ण असतात. सणाच्या दिवशीं आई दमलेली व चिडलेली असते, हीच त्याची आठवण होऊन बसते. म्हणून आरंभींच कामें वांटून घ्यावीं. माती काकांनीं आणावी, तेलवाती आजोबांनीं कराव्या, भांडीं बाबांनीं आवरावीं, दिवे मुलांनीं मांडावे.

उत्साहाच्या भरांत एकदम पांच गोष्टी मात्र काढूं नयेत. एका वर्षीं एकच नेम धरावा. दोन-तीन वर्षें तो आनंदानें टिकला तर ठेवावा. मुलें मोठीं होऊन कंटाळलीं तर खुशाल सोडावा. तो नवस नव्हे कीं फेडलाच पाहिजे.

शेवटीं ज्येष्ठ भगिनींस एक विनंति. आज भरलेलें घर उद्यां तसेंच राहील असें नाहीं. एक नातू बंगळुरास जाईल, एक परदेशीं. मोठे कुलाचार तेथें साहित्यावांचून व माणसांवांचून अडतील. परंतु पौर्णिमेस दोन पणत्या लावणें परक्या शहरांतील दोन खोल्यांतहि साधेल. त्या लावतांना तो आपल्या मुलास ‘हें माझ्या आजीनें सुरू केलें’ असें सांगेल, कीं ‘आमच्याकडे कांहीं नव्हतें’ असें सांगेल, हें आज घरांतल्या वडील माणसांच्या हातीं आहे. त्यासाठीं फार कांहीं करावयास नको. सून कांहीं सुचवील तेव्हां ‘बरं, करून पाहूं’ एवढें म्हणावें, आणि पहिल्या वर्षीं स्वतः तिच्या शेजारीं बसावें.