गाडी आपली, चावी कंपनीची

हातावर पोट असलेल्या माणसाची गाडी बंद पडली की त्याची रोजीही बंद पडते. नळकाम करणारा, वायरमन, घरोघर पार्सल पोचवणारा, रंगारी या सर्वांचे दुकान म्हणजे त्यांची व्हॅन. अमेरिकेत अशा कामाच्या व्हॅन लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आहेत आणि त्यातील बहुतेकींना हाताने गिअर टाकावा लागत नाही. कोणता गिअर केव्हा पडावा हे एक लहानसा संगणक ठरवतो. त्याला ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. हे मॉड्यूल बिघडले तर ते बदलण्याचा अधिकार कोणाचा? वरवर पाहता हा गॅरेजमधला प्रश्न आहे. परंतु थोडे खोलात गेले की ध्यानात येते, हा प्रश्न कष्टकऱ्याच्या हक्काचा आणि ज्ञानावरील मक्तेदारीचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. चाकांचा व गिअरबॉक्सचा वेग, तेलाचे तापमान, चालकाने दाबलेला ॲक्सिलरेटर ही सगळी माहिती सेन्सरमार्फत मॉड्यूलकडे येते. त्यावरून ते गिअरबॉक्समधील सोलेनॉइडना हुकूम सोडते आणि गिअर बदलतो. माहितीचा मेळ बसला नाही, तर गिअरबॉक्स वाचवण्यासाठी मॉड्यूल हात आखडता घेते. मर्सिडीजच्या पाच गिअरच्या ७२२.६ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर अशा वेळी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तर पुढे जाण्यासाठी फक्त दुसरा गिअर उरतो. अवजारांनी भरलेली व्हॅन घेऊन महामार्गावर दुसऱ्या गिअरमध्ये रखडणे म्हणजे काय, हे पोटासाठी गाडी हाकणाऱ्याला सांगायला नको.

हाच गिअरबॉक्स असलेली स्प्रिंटर व्हॅन अमेरिकेत २००१ पासून आधी फ्रेटलायनर आणि नंतर डॉज या नावानेही विकली गेली. तिचा एक दोष जुन्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे. गिअरबॉक्सच्या अंगाला वायरिंगचा एक प्लॅस्टिकचा प्लग असतो. त्याच्या रबरी ओ-रिंग कालांतराने कडक होतात. मग तेल प्लगमध्ये शिरते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे वायरमधून वर चढत थेट मॉड्यूलच्या कनेक्टरपर्यंत पोचते. गाडी झटके देते, दुसऱ्या गिअरला चिकटते, आणि स्कॅनरवर दोष दिसतो तो मॉड्यूलशी किंवा सेन्सरशी संबंधित. घाईने मॉड्यूलच बदलले आणि प्लग तसाच ठेवला, तर काही काळाने तेच तेल नव्या मॉड्यूललाही गाठते. प्लगची किंमत थोडक्या डॉलरांची, मॉड्यूलची त्याच्या कितीतरी पट.

म्हणून जाणता मेकॅनिक क्रम पाळतो. प्रथम स्कॅनरने कोड वाचणे, मग बॅटरीचा दाब व अर्थिंग तपासणे, मग मॉड्यूलचा कनेक्टर काढून आत तेल आहे का ते पाहणे, प्लग व वायरिंग तपासणे. एवढे सगळे ठीक असेल तरच मॉड्यूलवर ठपका ठेवायचा. हे ज्ञान हात काळे करून मिळालेले आहे आणि ते मालकाचे पैसे वाचवते. पण ज्याच्या हाती कोड वाचण्याचे साधनच नाही, तो हा क्रम पाळणार कसा? त्याला अंदाजावर सुटे भाग बदलावे लागतात आणि अंदाजाची किंमत गाडीमालक भरतो.

समजा मॉड्यूल खरोखरच निकामी आहे. बॅटरीची वायर सोडायची, कनेक्टर काढायचे, जुने मॉड्यूल उतरवून नवे बसवायचे. मेहनतीचे काम इथे संपते. परंतु नवे मॉड्यूल त्या गाडीला ओळखत नाही. इंजिन कोणते, मागच्या धुरीचे गुणोत्तर किती, हे त्याला सांगावे लागते. याला कोडिंग म्हणतात. पुढच्या काळातील सात गिअरच्या ७२२.९ गिअरबॉक्समध्ये तर हे नियंत्रण गिअरबॉक्सच्या आत, तेलातच बसवलेले आहे. त्याचे कोडिंग कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करून होते आणि ते गाडीच्या चोरीरोधक व्यवस्थेशीही बांधलेले आहे. त्यामुळे भंगारातल्या गाडीचा चांगला भाग आणून बसवला तरी गाडी त्याला सहजासहजी स्वीकारत नाही. मेकॅनिकचा हात कितीही तयार असो, शेवटी व्हॅन क्रेनवर चढवून अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दारात रांगेत उभी करावी लागते. मग आपण पैसे मोजतो ते कशाचे? भागाचे, मजुरीचे, की परवानगीचे?

कंपन्यांचे म्हणणे असे की, सर्वांना प्रवेश दिला तर चोऱ्या होतील, प्रदूषणाच्या व्यवस्थेत छेडछाड होईल. ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु चोराच्या भीतीने सबंध गावाला कुलूप लावायचे काय? अमेरिकेतच यावर उपाय निघालेला आहे. तेथे नास्टफ या संस्थेकडे चौकशी होऊन नोंदणी झालेल्या मेकॅनिकांना व चावीवाल्यांना सुरक्षाविषयक माहिती मिळते आणि कोणी काय घेतले याची नोंद राहते. म्हणजे सुरक्षा आणि दुरुस्तीचा हक्क एकत्र नांदू शकतात.

हा हक्कदेखील कोणी ताटात वाढून दिलेला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये प्रचंड बहुमताने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. त्या रेट्यामुळे जानेवारी २०१४ मध्ये वाहन कंपन्यांना देशभरासाठी करार करावा लागला. जी माहिती व साधने अधिकृत विक्रेत्यांना, ती वाजवी किमतीत स्वतंत्र गॅरेजनाही, आणि २०१८ च्या मॉडेलपासून प्रमाणित जोडणीने. स्वतःच्या गाडीतील सॉफ्टवेअरचे कुलूप दुरुस्तीसाठी उघडण्याला कॉपीराइट कायद्यातून सूट २०१५ मध्ये मिळाली. मालकाच्या वतीने मेकॅनिकने ते उघडावे, ही सवलत मिळायला २०१८ उजाडले. गाडी बिनतारी पाठवत असलेल्या माहितीसाठी २०२० मध्ये पुन्हा मतदान झाले आणि सुमारे ७५ टक्के मते हक्काच्या बाजूने पडली. तरी कंपन्या न्यायालयात गेल्याच. याचा अर्थ स्पष्ट आहे. एक कुलूप उघडले की दुसरे तयार असते, म्हणून लढाई सोडता येत नाही.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमका हाच प्रकार इथे उघडा पाडला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजना न देता बाजार बांधून ठेवल्याबद्दल आयोगाने १४ वाहन कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यात परदेशी कंपन्यांबरोबर टाटा, महिंद्र आणि मारुतीही होत्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड कमी केला, पण मक्तेदारीचा ठपका पुसला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती दिली नाही तर जाब विचारण्याची सोय कायद्यातच असावी लागते.

आज आपल्याकडे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या वाढत आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर साध्या टेम्पोच्या इंजिनातही संगणकाचे राज्य वाढले आहे. वस्त्यांमधली आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये हात काळे करून घर चालवतात. पान्याच्या जोरावर चालणारा धंदा स्कॅनरवर गेला आणि स्कॅनरमागचे ज्ञान कुलूपबंद राहिले, तर ही मुले उद्या फक्त चाके काढण्यापुरती उरतील. बुद्धीचे काम एकाकडे आणि ओझ्याचे काम दुसऱ्याकडे, ही वाटणी या देशाला नवीन नाही. ती संगणकाच्या वाटेने पुन्हा घरात येऊ द्यायची काय?

म्हणून मागण्या साध्या आहेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात कोडिंग आणि दोषनिदान प्रत्यक्ष साधनांवर शिकवावे. गॅरेजवाल्यांनी आपसात मिळून, संघटना करून स्कॅनर घ्यावेत, एकट्याला ते परवडत नाहीत. आणि दुरुस्तीच्या हक्काचा कायदा व्हावा, यासाठी चालक-मालकांच्या संघटनांनी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारणा करावी. घामाच्या पैशाने घेतलेली गाडी दुरुस्त करण्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज पडू नये, एवढेच मागणे आहे. ते मागितल्याशिवाय मिळणार नाही.