अब्बांचे मोजे: फक्त ‘प्युअर कॉटन’ पुरेसे नाही

बीड हा कापसाचा जिल्हा. मोजे घेताना आपण दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो, ‘प्युअर कॉटन आहेत ना?’ घरात कुणाला शुगर असेल तर हा प्रश्न अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ लागतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या भाषेत सांगायचे तर सेन्सर बंद पडतो आणि अलार्म वाजतच नाही. मोज्याची शिवण घासते, फोड येतो, जखम चिघळते, पण माणसाला पत्ताच नसतो. उशीर झाला तर बोट, कधी पायही कापावा लागतो. ऊसतोडीला किंवा हमालीला जाणाऱ्याचा पाय गेला की घराची कमाई गेली.

कापूस घाम शोषतो, पण धरून ठेवतो. ओली कातडी मऊ पडते, सोलते, बुरशी धरते. आपल्याकडे वुजूसाठी पाय दिवसातून अनेकदा धुतले जातात. बोटांच्या बेचक्या ओल्या असतानाच मोजे चढवले तर ओल आतच राहते. म्हणून कॉटनमध्ये लवकर वाळणारा पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक धागा मिसळलेले मोजे बरे. कॉटनचेच असतील तर जास्तीचे जोड ठेवा आणि ओले होताच बदला.

घेताना मोजा उलटा करून पाहा. बोटांपाशी जाड शिवण नको. वरचे इलास्टिक पायावर वळ उठवणारे नको. रंग पांढरा किंवा फिका असावा, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसतो. घट्ट दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मित्रांनो, अब्बा-अम्मी स्वतःहून ‘माझे तळवे बघ’ म्हणणार नाहीत. रोज रात्री आपणच बघायचे. चामडी मोज्यांवर मसह करणाऱ्यांचेही पाय रोज उघडून पाहिलेच पाहिजेत. मशीद कमिटीकडेही दोन गोष्टी मागू या: वुजूखान्याजवळ बसून पाय पुसता येतील असा बाक, आणि मे महिन्यात तापलेल्या फरशीवर चटई. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड मात्र येतो.

मोज्यांचा जोड काही फार महाग नसतो. पाय एकदा गेला की परत येत नाही.